वहिनीची शिवण

"हॉस्पिटलातून काही सामान आलं का हो, वहिनी?" चहाचा कप खाली ठेवता ठेवता मुकादमाने सहज विचारल्यासारखं विचारलं.

वहिनी शिलाई मशीनपाशी बसली होती. मशीन बंद होतं, पण बसायला घरात दुसरी जागाच तिला सुचत नव्हती. तिच्या पायांमागे निळी पिशवी होती.

"नाही," ती म्हणाली. "कपडे तिथंच राहिले."

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. पण मुकादमाचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला आणि तिच्या सासऱ्यांपुढे सरकवला. तिचा नवरा सुरक्षेचा बेल्ट न लावता वर चढला आणि पडला, एवढंच त्यात होतं. खाली घरच्यांनी सही केली की मालक घराचं काहीतरी बघणार होते.

"कोर्टकचेरीने कुणाचं भलं झालंय, बाबा? गेलेला माणूस काही परत येत नाही. मागे राहिलेल्यांचं बघायचं."

सासरे जन्मभर गवंडीकाम केलेले. असले कैक मुकादम कोळून प्यायलेले. "वाचून सांगतो," ते म्हणाले. "चष्मा सापडत नाहीये."

चष्मा त्यांच्या कपाळावर होता. मुकादमाने तो पाहिला आणि चपला घालून निघून गेला.

साइटवर सगळे तिला वहिनी म्हणत, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. तिचा नवरा परांच्या बांधायचा. इमारतीला बाहेरून पाइपांचा सांगाडा उभा करायचा, त्यावर फळ्या टाकायच्या, मग त्यावर उभे राहून बाकीचे गिलावा करणार, रंग देणार. इमारत झाली की सांगाडा उतरवायचा. म्हणजे त्याचं काम मागे कुठेच दिसायचं नाही. ताडमाड उंची, म्हणून सगळे त्याला 'शिडी' म्हणत. त्याच्या बेल्टाला, सगळ्यांच्याच असतो तसा, पाठीमागे एक लांब पट्टा होता आणि पट्ट्याच्या टोकाला कडी. वर गेलं की कडी पाइपात अडकवायची. त्या पट्ट्याला ते लोक शेपटी म्हणत. रोज सकाळी मुकादम खालून ओरडायचा, "शेपट्या अडकवा रे, माकडांनो!" आणि वरून शिडीचा आवाज यायचा, "तुमची कुठं गळाली, मुकादम?" अख्खी साइट हसायची. मुकादमसुद्धा.

शेपट्या उन्हाने आणि सिमेंटने कुजायच्या. नवा बेल्ट मागितला की उत्तर ठरलेलं, पुढच्या मालाबरोबर येईल. पुढचा माल यायचा, बेल्ट यायचे नाहीत. एकदा शिडी आपला बेल्टच घरी घेऊन आला.

"दप्तरांचे पट्टे शिवतेस ना? मग हा काय मोठा तीर मारायचाय?"

वहिनी शाळेची दप्तरं शिवायची. मशीन दणकट, दोरा जाड. तिने शेपटीचा कुजका तुकडा कापला, टोकं एकावर एक ठेवली, चौकोन शिवला आणि चौकोनात फुली मारली, दप्तराच्या पट्ट्याला मारतात तशी. नवऱ्याने ती शिवण दारच्या कडीला अडकवून हिसके देऊन पाहिली. "हत्ती टांगला तरी तुटायची नाही," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने साइटभर फुशारकी मारली असणार, कारण मग एकेक जण बेल्ट घेऊन दारात येऊ लागला. पुढे तर मुकादमच सांगायचा, "वहिनींकडे टाका रे." वहिनीने कुणाकडून काही घेतलं नाही. आपल्या शिवणीवर माणसं उंच उभी राहतात, याचा तिला अभिमान वाटायचा. खोटं कशाला सांगा, फार वाटायचा.

हॉस्पिटलात नर्सने निळी पिशवी हातात दिली, तेव्हा वहिनीने ती एकदाच उघडली होती. आत शर्ट, पँट आणि बेल्ट. डॉक्टरांनी खांद्यावरचे पट्टे कात्रीने कापले होते. छातीवरचं बक्कल होतं तसंच, लावलेलं. आणि मागची शेपटी तुटलेली होती, बरोब्बर तिच्या शिवणीवर. अर्धा चौकोन, अर्धी फुली.

तिने पिशवी मिटली ती मिटलीच. त्यानंतर ती कुणाजवळ धड रडलीही नाही. रडलं की लोक धीर द्यायला येतात, आणि धीर घ्यायचा आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटत होतं.

मुकादम येऊन गेला त्याच संध्याकाळी युनियनच्या ताई आल्या. बरोबर शिडीचा जोडीदार होता, खालून पाइप देणारा. सासऱ्यांनी कागद दाखवला.

"सही करू नका," ताई म्हणाल्या. "घाई त्यांना आहे, आपल्याला नाही. पोलिसांनी काय लिहिलंय त्याची नक्कल मागायची. कामगार खात्याच्या साहेबांना साइटवर बोलवायचं, तो आपला हक्क आहे. आणि त्यांचे कपडे, बेल्ट, काहीही असलं तर धुवायचं नाही, शिवायचं नाही, आहे तसं ठेवायचं. बेल्ट लावला होता एवढं दाखवता आलं, तर हा कागद फाडून फेकता येईल."

"लावला होता," जोडीदार म्हणाला. "कडी वर पाइपाला लटकत होती, तुटका पट्टा घेऊन. मी माझ्या डोळ्यांनी बघितली. संध्याकाळी बघतो तर गायब! पण माझं एकट्याचं कोण ऐकणार?"

वहिनीने मान वर केली. "भाऊजी, आज कामावर गेला होतात?"

"जावं लागतं, वहिनी. पोट कुणाला चुकलंय?"

"वर चढलात?"

"आता शिडीच्या जागी मीच आहे."

"बेल्ट कुठला लावला?"

जोडीदाराला प्रश्नच कळला नाही. "माझाच. तुम्ही शिवून दिलेला."

वहिनीने पायामागची पिशवी ओढली आणि बेल्ट सगळ्यांसमोर जमिनीवर ठेवला. "माझी शिवण तुटली," ती म्हणाली. एवढं बोलली आणि मग तिचा बांध फुटला.

ताई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. "वहिनी, असा बेल्ट शिवून वापरायचाच नसतो. फेकायचा असतो, आणि मालकाने नवा द्यायचा असतो. कायदा तुमच्याकडे बोट दाखवणार नाही."

"मी कायद्याचं कुठं विचारतेय?"

सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. "सूनबाई, हे बाहेर बोललीस तर लोक म्हणतील..."

"म्हणू देत, मामंजी. मी तरी दुसरं काय म्हणतेय स्वतःला? पण उद्या सकाळी भाऊजी पुन्हा चढणार आहेत. सगळेच चढणार आहेत."

सासरे भिंतीकडून वळले. मग त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मुकादमाला फोन लावला. "चष्मा सापडला," ते म्हणाले. "सही होणार नाही."

सकाळी जोडीदाराने सगळ्यांना सांगितलं आणि कुणीच वर चढलं नाही. दुपारी ताई कामगार खात्याच्या साहेबांना घेऊन आल्या; बरोबर वहिनी आणि सासरे होते. साहेबांनी पत्र्याच्या शेडमधल्या टेबलावर सगळ्यांचे बेल्ट ठेवायला लावले. वहिनी टेबलापाशी गेली. बघायची तिला गरज नव्हती. शेपटीवरून बोट फिरवलं की कळत होतं. "हा माझा," ती म्हणायची आणि बेल्ट बाजूला ठेवायची. "हाही." बाजूचा ढीग मोठा होत गेला. माणसं आपापला बेल्ट तिकडे जाताना पाहत होती. कुणी तिला बोल लावला नाही, आणि तेच तिला सोसवत नव्हतं.

"हे लोक परस्पर बाहेरून शिवून आणतात, साहेब," मुकादम म्हणाला. "आम्हाला काय कल्पना?"

"त्यात तुमचाही आहे की, मुकादम," मागून कुणीतरी म्हणालं.

वहिनीच्या हातात तेव्हा तोच होता. मुकादमाने पाहिलं, ओळखला आणि खाली बसला.

शेवटी वहिनीने निळ्या पिशवीतला बेल्ट काढून टेबलावर ठेवला. साहेबांनी वाकून बक्कल पाहिलं, कात्रीने कापलेले पट्टे पाहिले. "लावलेला होता," ते म्हणाले आणि तसंच लिहिलं. सासऱ्यांनी डोळे पुसले. मग साहेबांनी तुटलेली शेपटी उचलली. "आणि ही शिवण कुणाची?"

"माझी," वहिनी म्हणाली.

अर्ध्या फुलीतून दोऱ्याचं एक टोक लोंबत होतं. सवयीने तिने ते चिमटीत धरलं आणि दातांनी तोडायला वाकली.

ताईंनी हळूच तिचा हात धरला. "राहू द्या, वहिनी. आहे तसं राहू द्या."

तिने दोरा सोडला.