पाठीकडून उघडलेला टाक

"ह्यो देव हाय का बाई हाय?" फुलाबाईंनी चांदीचा टाक उन्हाकडे धरून विचारलं.

"देव्हाऱ्यात व्हता म्हंजी देवच की," बाजीराव म्हणाला. "धाकट्यानं चूल येगळी केली, मावशी. त्याच्या देव्हाऱ्यात आसाच एक पायजे."

"नाव काय देवाचं?"

गुंजवण्याहून पहिल्या एसटीने भोरला आलेला बाजीराव आपल्या चपलांकडे बघायला लागला. "आईला ठावं व्हतं. ती गेली. आमी निसते हात जोडायचो."

टाकाच्या चांदीच्या पत्र्यावर उठवलेला चेहरा उरलाच नव्हता. चार पिढ्यांच्या सासवा-सुनांनी चिंचेने, राखेने आणि अलीकडे तारेच्या घासणीने तो इतक्या भक्तीने घासला होता, की नाक-डोळे सगळे धुऊन गेले होते.

"खंडोबा छापा एखादा. कुनाला कळतंय?" बाजीराव म्हणाला.

नवऱ्याने, सोमनाथरावांनी, मागे ठेवलेले देवांचे बावीस ठसे बिस्किटाच्या डब्यात होते. ते गेल्यावर चुकत-माकत फुलाबाई स्वतःच टाक ठोकायला शिकल्या होत्या. खंडोबा दहा मिनिटांत झाला असता. पण 'कुणाला कळतंय' हेच तर त्यांना कालपासून खात होतं.

काल शिवानी पुण्याहून आली होती. एकुलती एक लेक, चौतीस वर्षांची. चहा पिता पिता म्हणाली, "आई, आम्ही मूल होऊ देणार नाही. ठरलंय. पुढे कसले दिवस येतील, प्यायला पाणी तरी असेल का... मला भीती वाटते गं." फुलाबाई भांडायला सरसावल्या होत्या, पण कप उचलून विसळायलाच गेल्या. त्यांनाही भीतीच वाटत होती. ही म्हातारी होईल तेव्हा हिला हाक कोण मारील? मागे हिचं नाव कुणाला कळेल?

"शिवे, शेगडी पेटव," त्या आता म्हणाल्या.

देवाची पाठ उघडायची म्हटल्यावर बाजीराव उठून थेट दारात जाऊन उभा राहिला. ऊब लागताच आतली लाख सुटली, मागचा तांब्याचा पत्रा निघाला. समोरून झिजलेलं आतल्या पोकळीत शाबूत असतं. पदर दिसला, हातातला कलश दिसला, पायांतली जोडवी दिसली. तोंडाच्या जागी मात्र चांदी विरून आरपार भोक.

"बाईच आहे," शिवानी कुजबुजली.

"थांबा," बाजीराव लांबूनच म्हणाला. "पणज्याची भन! आई सांगायची. पोरबाळ न्हवतं, नांदून म्हागारी आली. मागं कुनी न्हाई म्हनून भावानं टाक करून बसवली. सनाला पैला निवद तिला."

"आणि भाऊ नसता तर?" शिवानीने विचारलं.

बाजीराव बाजारात जाऊन येतो म्हणाला.

असा ठसा डब्यात नव्हता. फुलाबाईंनी नवा पत्रा लाखेवर बसवून हातानेच ठोकायला घेतला. ठोकायचं मागच्या बाजूने. काय झालं ते सुलट केल्यावरच कळतं. पदर उतरला, कलश उतरला. तोंडाशी हात अडला. समोर शिवानी गुडघ्यावर हनुवटी टेकून बघत बसली होती.

पत्रा सुलट केला आणि फुलाबाईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा लेकीकडे पाहिलं. तेच धारदार नाक, तीच हनुवटीवरची खळी. जित्या माणसाचा टाक कुणी करत नाही. केला तर... पुढचं त्यांनी मनातही येऊ दिलं नाही. चेहरा मोडायला हातोडी उचलली आणि ती तशीच धरून बसल्या.

शिवानी चहा टाकायला आत गेली. फुलाबाईंनी हातोडी खाली ठेवली आणि टाकाला पाठ लावली. जुन्याचीही बंद केली.

चारच्या एसटीआधी बाजीराव आला. नवा टाक तळहातावर घेऊन त्याने कपाळाला लावला. "मावशी, आगदी हुबेहूब!"

"तू कदी बगितली व्हतीस रं तिला?"

तो हसला. दोन्ही टाक रुमालात गुंडाळून पायरी उतरला, तशी फुलाबाईंनी हाक मारली.

"बाजीराव, भावजयीला सांग. घासनी लावू नगं म्हनावं. निसती हळद." त्या पायरीपर्यंत आल्या. "आन् हळू लाव म्हनावं. डोळ्यात जाऊ देऊ नगं."