खुरपं आणि मी

मी लिलीचा कंद बोलतोय. दिसायला लसणाच्या गड्ड्याचा सख्खा भाऊ. पहिल्याच दिवशी काकूंनी मला लसणाच्या टोपलीत टाकलं होतं. "अगं, ती लिली आहे!" काका ओरडले म्हणून वाचलो.

परसातल्या विरळ पानांच्या झाडाखाली, नेच्यांच्या दाटीत त्यांनी आम्हा तिघा भावांना लावलं. जागा झकास होती. आम्हाला पाय सावलीत आणि डोकं उजेडात लागतं.

पण काका पडले जुने घड्याळदुरुस्तीवाले. जे चालत नाही ते उघडून बघायचं, ही हाताची खोड. दर रविवारी खुरप्याने मला उकरायचे, डोळ्याला भिंग लावायचे, "अजून बंदच आहे" म्हणायचे आणि पुन्हा गाडायचे. माझी कोवळी मुळं तटातट तुटायची. अहो, झोपलेल्याचं पांघरूण ओढून "उठलास का?" विचारतात का कुणी? माझे दोघे भाऊ कुजून गेले. मी उरलो, तोही अर्धामुर्धा.

"अहो, ते घड्याळ नाही!" काकू कडाडल्या. "आता हा गेला ना, तर त्याच्या जागी तुम्हाला लावीन!"

"एकदाच बघतो गं."

पुढच्या रविवारी खुरपं घेऊन येतानाच काका पायरीवरून घसरले. पाय मोडला. खोटं कशाला बोलू, मला आनंदाचं भरतं आलं. प्लास्टर, मग काठी, असे तीन महिने मला कुणी हात लावला नाही. मी मुळं धरली, कोंब काढला, कळीसुद्धा धरली.

"फुटला का गं?" काका खिडकीतून रोज विचारायचे.

"फुटला. पडून राहा."

परवा काका काठी टेकत आले. भिंग लावून त्यांनी थेट माझ्या फुलात नाक खुपसलं. नाक परागांनी माखलं.

"चालू आहे!" म्हणाले, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी एवढा खवचट, पण मलाही भरून आलं.

तरी धाकधूक आहेच. थंडीत माझी पानं झडतील, दांडा वाळेल. मी खाली नुसता झोपलेला असेन, पण काकांना वाटेल, बंद पडला.

आत्ताच ते लाडीगोडीने विचारत होते, "खुरपं कुठे ठेवलंयस गं?"

काकू, तुमच्या पाया पडतो. सांगू नका.