उरलेली एक नळी

संस्थेत सगळे तिला शेवाळबाई म्हणत. ध्रुवाजवळच्या एका हिमनदीवरून खरवडून आणलेलं, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं, पाण्यात पोहणारं शेवाळ तिने सहा वर्षं जिवापाड जपलं होतं. ही जात अजून कुणीच नोंदवली नव्हती. हिमनदीचा तो भाग आता वितळून समुद्रात गेला होता, त्यामुळे जे होतं ते तिच्या चार नळ्यांत.

एक नळी दुसऱ्या प्रयोगशाळेत ठेवायची, हा या धंद्यातला पहिला नियम. पण वाटेत ती गरम झाली तर, या धास्तीने बाई आज-उद्या करत राहिली. आणि शनिवारी नळ्या ठेवलेलं थंड कपाट बंद पडलं. सोमवारी उघडलं तेव्हा तीन नळ्या पांढऱ्याफटक झाल्या होत्या. चौथीत जरा हिरवं होतं. तिने ती लगेच साध्या फ्रिजमध्ये ठेवली, पण उष्मा बाधलेलं हे शेवाळ काही सावरत नाही.

"ताई, कॉम्प्रेसर गेलाय. पार्ट यायला चार दिवस," मेकॅनिक म्हणाला.

"तोवर काहीच नाही करता येणार?"

"येत असतं तर केलं नसतं का?" मग तो नळीकडे वाकला. "एवढ्याशा पाण्यापायी रडताय होय?"

बाईला त्याचा राग आला आणि मग तोही टिकला नाही. काचपट्टीवर एक थेंब ठेवून तिने त्याला मायक्रोस्कोपपाशी बसवलं.

"अरे बापरे, केवढी पळापळ! ताई, जिवंत आहेत की सगळे! उगाच जिवाला घोर लावून घेतलात."

थंडीत ते असे पळत नाहीत, रमतगमत पोहतात; ही मरणाआधीची तडफड होती. घटकाभरात फुटून त्यांचा चोथा होणार होता आणि मग नव्या जातीचं वर्णन लिहायला नमुनाही राहिला नसता. आयोडीनने जीव जातो, आकार तेवढा टिकतो. त्याची पाठ होती तेवढ्यात तिने उरलेल्या नळीत आयोडीनचे थेंब सोडले. सहा वर्षांत आपण यांना एकदाही इजा होऊ दिली नाही, एवढंच तिच्या डोक्यात येत राहिलं.

"थांबले हो हे," मेकॅनिक म्हणाला. दिव्याच्या उबेने काचपट्टीवरचे आपोआपच थांबले होते. "दमले वाटतं."

"हो," बाई म्हणाली.

त्याने भिंगावरचा डोळा काढला नाही. "मग बघतो थोडा वेळ. पुन्हा पळतील ना?"