मारूलियाची हाळी

कालव्याच्या तोंडाशी जहाज थांबलं, की पाण्यावरून एक आवाज यायचा. आधी भोंगा, मग समुद्रपक्ष्यांचा कलकलाट, आणि त्या दोन्हींच्या मधून वाट काढत आलेला तो आवाज:

*वरल्या रे साहेबा, वाकून बघ खाली,*
*दोराच्या पायानं टोपली चढत आली,*
*माल घे आधी, दाम दे मागाहून,*
*मारूलिया, मारूलिया, मारूलिया…*

इन्शिरा तेव्हा आईच्या कडेवर असायची, तिसऱ्या मजल्यावरच्या लाकडी सज्जात. आवाज तिच्या बाबांचा, मिस्बाहचा. ते बंबूटी होते. पोर्ट सईदमध्ये लहानशा होडीतून मोठमोठ्या जहाजांना माल विकणाऱ्याला बंबूटी म्हणतात. होडीतून दोर वर फेकायचा, दोराला टोपली, टोपलीत चामड्याची पाकिटं, सुती चादरी, लाकडाचे उंट. वरचा खलाशी माल काढून घ्यायचा आणि त्याच टोपलीत पैसे टाकून खाली सोडायचा. तोवर बंबूटीनं मान वर करून नुसतं उभं राहायचं, हलत्या होडीत.

हाळी प्रत्येक घराची वेगळी. एकाची हाळी दुसरा देत नसे. बापानं लेकाला दिली तरच ती लेकाची. 'मारूलिया' हा शेवटचा शब्द एकट्या मिस्बाहच्या हाळीत होता. कुणी म्हणे तो इटालियन आहे, कुणी म्हणे ग्रीक, आणि त्याचा अर्थ 'स्वस्त'. ग्रीक जहाजावरचे खलाशी तो ऐकून हसत कठड्यावर लोळण घ्यायचे आणि सगळ्यांत जास्त खरेदीही तेच करायचे. इकडे सज्जात आईसुद्धा हसायची. ओढणीचं टोक तोंडाशी धरून, डोळ्यांनी. रोज तोच शब्द, रोज तेच हसू. लहानग्या इन्शिराला वाटायचं, हाळी अशीच असते. बाबांनी म्हणायची, आईनं हसायची.

आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. होडी विकली गेली. हज करून आल्यापासून गल्ली बाबांना हाज मिस्बाह म्हणायची. बाबांनी फक्त दोर ठेवला. सज्जातल्या वेताच्या खुर्चीत बसून ते तो दोर उसवायचे, पुन्हा वळायचे, आणि मधूनच पाण्याकडे बघायचे.

खालचा रस्ता मात्र पाण्याइतका जिवंत राहिला नाही. एके काळी इथल्या इमारतींच्या कमानींखाली बाहेरगावची माणसं परदेशी शर्ट घ्यायला झुंबड करायची. आता एक शटर उघडं तर चार बंद. लोक नव्या बाजाराकडे निघून जायचे आणि या रस्त्यानं जाताना मान खाली घालून, मोबाईलमध्ये बघत झपझप चालायचे. वर सज्जांत माणसं होती, स्वयंपाकाचे वास होते, वाळत घातलेले कपडे होते. खालच्यांना त्याचा पत्ता नव्हता.

इन्शिराचा धंदा त्याच सज्जातून चालायचा. ती लिंबू-मिठात मुरवलेल्या तिसऱ्या, समुद्रातल्या शिंपल्या, विकायची. ओळखीचं गिऱ्हाईक खालून तिच्या नावानं ओरडायचं, ती टोपली सोडायची. आधी माल खाली, मग पैसे वर. बाबांचीच रीत, फक्त उलटी. समोरच्या सज्जातली फिकरिया वांग्याचं लोणचं अशीच विकायची. दोघींची सज्जा-सज्जांतली भांडणं आणि मैत्री, दोन्ही सगळ्या गल्लीला तोंडपाठ होती.

मग शहरातल्या काही व्यापाऱ्यांनी स्पर्धा जाहीर केली. जुनी मध्यवस्ती जागवायची. ज्याच्याकडे धंद्याची कल्पना असेल त्यानं पाच मिनिटं मंचावर यावं, पटवून द्यावं. जिंकेल त्याला कमानीखालचं एक बंद दुकान दोन वर्षं बिनभाड्यानं. आणि ते दुकान होतं नेमकं इन्शिराच्या सज्जाखालचं.

"ते माझंच आहे," इन्शिरा म्हणाली. "फक्त त्यांना अजून कळलेलं नाही."

"अगं, पण तिथं इंजिनियर असतील, पडद्यावर चित्रं दाखवणारे असतील," फिकरिया समोरून म्हणाली. "तू काय दाखवणार? तिसऱ्या?"

"टोपली दाखवीन. आणि तुला. दोन्ही बघण्यासारख्या आहेत, एक रिकामी असते इतकंच."

"कोणती गं?" फिकरियानं विचारलं आणि दोन्ही सज्जे हसले.

कल्पना साधी होती. गल्लीतल्या प्रत्येक सज्जातून एक टोपली. कुणाचं लोणचं, कुणाची बिस्किटं, कुणाची शिलाई. खालच्या दुकानात मोठी चूल, बसायला बाकं आणि मालाचा नमुना. माणसानं खाली बसावं, वरून घर उतरावं. तिनं ते पोळ्या लाटताना, ओटा पुसताना इतक्यांदा बोलून पाहिलं होतं, की शेजारच्या पोपटालासुद्धा अर्धं येत होतं. एकच गोष्ट अडत होती. तिला त्या टोपलीबरोबर हाळी हवी होती.

तिनं बाबांना विचारलं. संध्याकाळचा चहा त्यांच्या हातात देऊन, समोर जमिनीवर बसून.

"बाबा, आपली हाळी मला द्याल?"

हाज मिस्बाहनी चहात साखर ढवळली. ढवळतच राहिले.

"ती द्यायचा हक्क मला नाही, पोरी."

इन्शिरा समजली. म्हणजे ती मोर्सीला देऊन झाली. मोर्सी तिचा थोरला भाऊ, जेनोआच्या बंदरात क्रेन चालवायचा. तिनं त्याला फोन लावला.

"घे की बाई," तो म्हणाला. "मी काय इथं क्रेनवर बसून हाळी देऊ? आणि खरं सांगू, मला बाबांनी ती शेपटी तोडूनच दिली होती. तो शेवटचा शब्द म्हणायचा नाही म्हणाले. मी विचारलं का, तर दोर गुंडाळायला लागले. तुला माहीत आहे त्यांचं दोर गुंडाळणं."

तिला माहीत होतं. बाबांनी दोर हातात घेतला की बोलणं संपलं. मग तिनं ठरवलं, हाळीशिवाय जायचं. न दिलेली हाळी देणं म्हणजे दुसऱ्याच्या होडीत पाय घालणं. बंबूटीची लेक ते करणार नव्हती.

स्पर्धा जुन्या सिनेमागृहात होती, दुपारच्या नमाजानंतर. खुर्च्यांची मखमल उंदरांनी खाल्लेली, पण गर्दी भरपूर. निघताना इन्शिरानं बाबांचा हात आपल्या कपाळाला लावला. त्यांनी तिच्या ओढणीला चिकटलेला मिठाचा खडा झटकला. फिकरिया ठेवणीतला अबाया घालून आली होती आणि तिच्या कडेला टोपली होती.

एका तरुणाला सायकलींचं कॉफीघर काढायचं होतं. दुसऱ्यानं बंद दुकानं दाखवणारं अॅप केलं होतं. "बंद दुकानं दिसायला अॅप कशाला," फिकरिया कुजबुजली, "खिडकी पुरते." तिसऱ्याचा पडदाच चालला नाही, आणि तो बिचारा आपल्या चित्रांचं वर्णन करून गेला.

इन्शिराचं नाव पुकारलं गेलं. ती हातात टोपली घेऊन मंचावर गेली, माईक आपल्या उंचीला आणला आणि बोलायला लागली. घाबरणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

"आमचा रस्ता मेला असं तुम्ही म्हणता. तो मेला नाही, वर राहायला गेलाय. तुम्ही खाली शोधताय म्हणून सापडत नाही."

लोक हसले. मग तिनं सगळं सांगितलं. सज्जे, टोपल्या, चूल, बाकं. माल आधी, पैसे मागाहून. "आणि कुणी पैसे न देता पळाला तर?" असं प्रेक्षकांतून कुणीतरी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "तीन मजल्यांवरून बायका बघत असतात. तो घरी पोचायच्या आत त्याच्या आईला कळतं." टाळ्या पडल्या.

परीक्षक तीन होते. त्यांतले इंजिनियर शौकत पुढे वाकले. चांगला माणूस, फक्त खुलासा मागण्याची सवय.

"बाई, कल्पना छान आहे. पण एक सांगा. त्या रस्त्यानं मी रोज जातो. मी कधी वर बघितलं नाही. कुणीच बघत नाही. तुमच्या टोपल्या दिसणार कशा? माणूस मान वर का करेल?"

इन्शिरानं टोपली दुसऱ्या हातात घेतली. याच प्रश्नाचं उत्तर तिनं घरी ठेवलं होतं, वेताच्या खुर्चीपाशी. पाट्या लावू, दिवे लावू, असलं काहीतरी ती बोलू शकली असती. पण खोटं तिच्या जिभेवर येईना. मान कशानं वर होते हे तिला ठाऊक होतं. चाळीस वर्षांपूर्वी जहाजावरच्या माना कशानं खाली झुकायच्या, ते तिनं पाहिलं होतं. दुकान एका बाजूला होतं आणि बाबांची न मिळालेली परवानगी दुसऱ्या बाजूला. पाच मिनिटं संपली की वाजवायच्या घंटेवर हात ठेवून माणूस उभाच होता.

तिनं माईक बाजूला केला. टोपली दोराला लोंबती सोडली. आणि आतून जो आवाज आला तो तिनं अडवला नाही.

*खालच्या वाटसरा, मान कर वर,*
*दोराच्या पायानं उतरलं घर,*
*माल घे आधी, दाम दे मागाहून,*
*मारूलिया, मारूलिया, मारूलिया…*

मागच्या रांगेतले, मोबाईलमध्ये बघत बसलेले, सगळ्यांच्या माना वर झाल्या. इंजिनियर शौकतचीसुद्धा. क्षणभर सभागृहात पाण्यावरचा वारा आल्यासारखं झालं.

आणि मग मधल्या परीक्षक मादाम कालिओपी हसायला लागल्या. त्या शहरात उरलेल्या मोजक्या ग्रीकांपैकी एक. नव्वदीला टेकलेल्या, हातात पंखा. त्या इतक्या हसल्या, की कुणीतरी पाणी आणलं.

"पोरी," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "मारूलिया म्हणजे काय ते माहीत आहे तुला?"

"स्वस्त," इन्शिरा म्हणाली.

"लेट्यूस," मादाम म्हणाल्या. "लेट्यूसचे गड्डे. तू आत्ता आम्हा सगळ्यांना भाजी विकलीस."

सभागृह खदखदून हसलं. इन्शिराच्या डोळ्यांपुढे कठड्यावर लोळणारे खलाशी आले. होडीत पाकिटं, चादरी, लाकडाचे उंट, आणि बाबा वर्षानुवर्षं भाजी पुकारत उभे. तीही हसली.

"मग त्यात काय," ती म्हणाली. "माना तर वर झाल्या ना? उद्यापासून लेट्यूसही ठेवते. तिसऱ्यांबरोबर चांगला लागतो."

मादामनी पंखा मिटला. हसता हसता त्यांचा आवाज हळू झाला. "आमच्या खिडकीखाली एक मुलगी यायची. हीच चाल. मी टोपली सोडायची." त्या आणखी काही बोलणार होत्या, पण तेवढ्यात घंटा वाजली.

निकाल तासाभरात लागला. दुकानाची किल्ली इन्शिराच्या हातात आली. इंजिनियर शौकत म्हणाले, एकच अट, लेट्यूस खरंच ठेवायचा. फिकरियानं अशी आरोळी ठोकली की छतावरची कबुतरं उडाली.

पण घराच्या जिन्यावर इन्शिराची पावलं जड झाली. किल्ली तळहातात ऊब धरून बसली होती, आणि तरी तिला वाटत होतं, मी काहीतरी न विचारता उचलून आणलंय. आता वर जाऊन ते बाबांना सांगायचं होतं.

"अगं, चल," फिकरिया मागून म्हणाली. "त्यांना माहीत आहे."

"कसं?"

"मी माझा फोन चालू ठेवला होता. पहिल्यापासून. त्यांनीच सांगितलं होतं, तुला कळू देऊ नकोस म्हणून." एवढं बोलून ती झपाझप समोरच्या घराकडे सटकली.

हाज मिस्बाह सज्जात बसले होते. उन्हं उतरून पाणी तांबूस झालं होतं. दोर जमिनीवर पडलेला होता, आणि त्यांचे हात रिकामे होते. इन्शिरानं कित्येक वर्षांत ते असे पाहिले नव्हते.

तिनं किल्ली त्यांच्या गुडघ्यावर ठेवली. "बाबा, मी हाळी दिली. तुम्ही दिली नव्हती तरी दिली."

"ऐकली."

"रागावलात?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मी म्हणालो होतो ना, द्यायचा हक्क मला नाही."

"मोर्सीला दिली होती म्हणून."

"मोर्सीला मी माझी दिली. तीन ओळी. शेवटचा शब्द माझा नव्हताच." त्यांचा आवाज खरखरला, पण थांबला नाही. "तो तुझ्या आईचा. आमचं लग्न व्हायच्या आधी वहीबा ग्रीकांच्या घरांखालून डोक्यावर पाटी घेऊन जायची. लेट्यूस विकायची. मारूलिया, मारूलिया. तिच्या आवाजानं सगळ्या खिडक्या उघडायच्या. मीही त्याच आवाजानं एकदा मान वर केली, ती कायमची. लग्न झालं, आणि माझी आई म्हणाली, आमच्या घरातली बाई रस्त्यात ओरडणार नाही. वहीबा गप्प झाली. मग मी तो शब्द होडीत घेऊन गेलो. अर्थ ठाऊक होता मला. सगळ्या बंदरात मी एकटाच लेट्यूस पुकारायचो, ते या सज्जापर्यंत ऐकू यावं म्हणून."

इन्शिरा जमिनीवर बसली. ओढणीचं टोक तिनं नकळत तोंडाशी धरलं होतं.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"जे माझं नाही ते मी देऊ कसं?" हाज मिस्बाहनी किल्ली उचलली आणि तिच्या हातात परत दिली. "आज फोनमधून ऐकलं, तेव्हा मला आधी वाटलं तीच आहे. तो शब्द तिचा होता, पोरी, म्हणजे तुझाच होता. मी तो नुसता सांभाळत बसलो. उद्या पहाटे बाजारात जा. गड्डा कोवळा, करकरीत बघून घे. तिनं कधी शिळा विकला नाही."