पावणेदोन किलो कमी

माहा भाऊ हर्षित गाडी पळवते. असं म्हणलं का लोकं इचारतात, ट्रक का टॅक्सी? अवं बाई, शर्यतीची गाडी. एकाच माणसाची, वरून उघडी, चाकं बाहेर. पंधरा-सोळा वर्षांच्या पोट्ट्यायची देशाची स्पर्धा असते, चार फेऱ्यांची, सगळ्या तिकडं दक्षिणेत. नागपूरले शर्यत शिकवणाऱ्या मुकेश सरनं त्याले छोट्या गाड्या चालवताना पाह्यलं, चाचणीले नेलं, अन् हिंगणीच्या भाजीवाल्याचा पोरगा निवडून आला. आमच्या बाबाचे मोठे भाऊ अण्णाजी. त्यायनं गाडीचा फोटो पाहून एवढंच इचारलं, "एकाच माणसाची? मंग वांगे कुठी ठेवाचे?"

अठरा वर्षांखालच्या पोरासंगं घरचं माणूस लागते. पहिल्या दोन फेऱ्यांले बाबा गेले. एक हर्षित जिंकला, एकीत दुसरा आला. साऱ्या फेऱ्या मिळून जो पहिला, त्याले पुढच्या वर्षी वरच्या गटातली गाडी फुकट. नाई आला त घरी येऊन वांगे तोडाचे. मधलं काही नव्हतं.

तिसऱ्या फेरीले निघाच्या आठवड्यात बाबा वावरातच गेले. सकाळचा तोडा सुरू होता. छातीत दुखते म्हणाले, बांधावर बसले, अन् झालं.

अग्नी हर्षितनं देल्ला. डोकं भादरलं. आमच्या घरची रीत अशी का ज्यानं अग्नी देल्ला त्यानं सव्वा महिना एकच वेळ जेवाचं, तेही अळणी. मले वडनेरले देली आहे, पण मी तेव्हा माहेरीच होती. मी म्हणलं, "अण्णाजी, पोट्टा वाढीचा आहे. तेरवीपर्यंत ठीक, पुढं कायले?" अण्णाजी म्हणाले, "तुह्या आजोबाच्या टायमाले तुह्या बापानं केलं, त्याले काही झालं काय?" माय भिंतीले टेकून बसली होती, तिले कोणाचंच ऐकू येत नव्हतं.

हर्षितनं मात्र कुरकुर केली नाई. मले त्याचाच राग ये. रडला नाई, चिडला नाई. कोणी काही म्हणलं का हो म्हणून मान हालवे. पाणी पाहिजे काय, मान. झोपतं काय, मान. एक दिवस मी वैतागून म्हणलं, "घराले आग लावू काय?" त्यानं मान हालवली.

तिसरी फेरी बुडाली. गुणांत तो मागं पडला. मुकेश सरचा फोन आला, शेवटची शर्यत जिंकला तरच काही आशा आहे. जातं काय म्हणून मी इचारलं त मान हालली. मंग मीच त्याच्यासंगं कोइम्बतूरले गेली. रेल्वेत दोघं समोरासमोर बसलो. मले वाईट वाटून राह्यलं होतं म्हणावं, त तेही नाई. पाय सुन्न झाल्यावर चिमटा काढला तरी समजत नाई, तसं आतून झालं होतं.

तिथं पोचल्यावर त्यानं शर्यतीचा जाड सूट चढवला. खांद्यावरून उतरून राह्यला होता. "ढिला झाला रे," मी म्हणलं. मेकॅनिक हिंदीत इचारून गेला, वजन तेच आहे ना? हर्षितनं मान हालवली. मी बाजूलेच उभी होती. मले काय मालूम का तिथं गाडी अन् पोरगा मिळून कमीत कमी वजन ठरलेलं असते? पोरगा हलका असला त सीटखाली शिशाच्या पट्ट्या बसवतात. पट्ट्या पहिल्या फेरीच्याच होत्या. पोरगा पहिल्या फेरीचा राह्यला नव्हता.

आदल्या दिवशी, कोण कितव्या जागेवरून सुटणार ते ठरवाच्या चाचणीत, तो सहावा आला. वजनकाट्यावर पहिल्या तिघांलेच नेतात, म्हणून तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाई.

शर्यत मी जाळीपाशी उभी राहून पाह्यली. मुकेश सर म्हणाले, "तुमचे बाबा इथंच उभे राहत. जिंकला तेव्हा हर्षित पळत इथंच आला होता." हर्षित एकेकाले मागं टाकत गेला. वळणावर सगळे ब्रेक मारत, हा पुढं जाऊन मारे. सर खूश झाले, म्हणाले, "काय हिंमत आहे पोराची!" मले ते हिंमतीचं लक्षण वाटलं नाई. ज्याले आपलं काही होईल असं वाटतच नाई, तो असा चालवते. तो पहिला आला. सरनं माहा हात धरून हालवला. आपण जिंकलो, हे मले समजत होतं, पण फक्त समजत होतं.

मंग त्याले काट्यावर नेलं. बाजार समितीत आपला टेम्पो चढवतात तसाच काटा. गाडी वर, हर्षित गाडीत. साहेबानं आकडा पाह्यला. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. पावणेदोन किलो कमी.

मी भांडली. मराठीत, हिंदीत, जसं जमलं तसं. म्हणलं, याचा बाप वारला, सव्वा महिना अर्धपोटी आहे, यानं चोरी नाई केली. म्हातारे साहेब होते. त्यायनं समजून घेतलं, आपल्या डोक्यावरून हात फिरवून खुणेनं सांगतलं का आपणही असं भादरलं होतं. अन् मंग निकालातून हर्षितचं नाव काढलं. दुसरा आलेला बेंगळुरूचा पोरगा पहिला झाला, सालभराचाही तोच.

मुकेश सर कोपऱ्यात जाऊन बसले. मी हर्षितले कँटीनमध्ये नेलं अन् सांबार-भात समोर ठेवला. सव्वा महिना व्हाले दोन-तीन दिवस होते. गेला चुलीत.

"याच्यात मीठ आहे, ताई."

"असू दे. जेव."

तो जेवाले लागला. पहिले हळू, मंग दोन्ही गाल भरून. मधातच म्हणाला, "बरंच झालं. जिंकलो असतो त पळत कोणाजवळ गेलो असतो?"

माह्यं डोकं फिरलं. "काऊन? मी मेली होती काय तिथं?"

तोंडातून निघून गेलं. घरात हा शब्द कोणीच काढला नव्हता. बाबा गेले, बाबाचं असं झालं, असंच सगळे बोलत, जसे काही ते सेलूले गेलते अन् येणारच होते. हर्षितचा घास हातात थांबला.

"बाबा मेले," तो म्हणाला.

"हो बावा. मेले."

"मेले ना, ताई."

अन् मंग तो रडला. भात तोंडात, नाक वाहून राह्यलं, लहानपणी रडे तसा मोठ्यानं. कँटीनमधले सगळे वळून पाहाले लागले. बेंगळुरूचा पोरगा चषक घेऊन आतच येत होता, तो दारात थबकला, चषक पाठीमागं धरला अन् मान खाली घालून "सॉरी" म्हणाला. त्याले वाटलं, हा शर्यतीसाठी रडून राह्यला. मी त्याले काही सांगतलं नाई.