थप्पीतली हवा

मालकांनी लेझरचं यंत्र आणलं ते मेव्हण्याला पकडायला. बोलून दाखवलं मात्र असं, की जमाना बदललाय.

मेव्हणा म्हणजे मालकीणबाईंचा थोरला भाऊ. वखारीतलं लाकूड मोजायचं काम त्याच्याकडे, म्हणून सगळे त्याला टेपदादा म्हणत. राहायला वखारीमागची खोली. बहिणीच्या दारात राहणाऱ्या भावाला मिळतो तेवढा मान त्याला मिळे. ताट वेळेवर, आणि बोलणी ताटाबरोबर.

मोजायची रीत मालकांच्या वडिलांनी घालून दिलेली. ओल्या फळ्या वाळाव्यात म्हणून दर दोन थरांमध्ये अर्ध्या इंचाच्या पट्ट्या घालायच्या, वारा खेळायला. गिऱ्हाईक आलं की थप्पी तळापासून टोकापर्यंत मोजायची, पट्ट्यांसकट. फळी दोन इंच, वर हवा अर्धा इंच, आणि हवेला भाव लाकडाचा. म्हातारा हे जाणून करी आणि मिशीत हसे. मुलाने वखारीबरोबर रीत वारशात घेतली, हसू तेवढं घ्यायचं राहिलं. इतकी वर्षं हवा विकून ती हवा आहे हेच मालक विसरले.

मग फर्निचरचा कारखानदार कुरकुरू लागला. "तुमचं लाकूड वाटेत आटतं का हो?" मालकांनी सरळ विचार केला: थप्पी पुरी मोजली जाते, माल कमी पोचतो, तर मधला माणूस खातो. मधला माणूस एकच, तोही बायकोचा भाऊ. संशय घ्यायला सोयीचा, बोलायला अवघड. म्हणून यंत्र. यंत्राला बहीण नसते.

कारखानदाराला साक्षीला बोलावलं. यंत्र विकणाऱ्या कंपनीची बाई आली होती. तिने ते बंदुकीसारखं थप्पीच्या तोंडावर रोखलं. तांबडी रेघ फिरली आणि पडद्यावर एकेका फळीभोवती हिरवी चौकट उमटली. मधल्या फटी काळ्याच राहिल्या. आकडा आला तो टेपदादाच्या आकड्याहून पाचवा हिस्सा कमी.

"बघा!" मालक कारखानदाराकडे वळले. "मी म्हणत नव्हतो? एवढ्या फळ्या गेल्या कुठं, दादा?"

टेपदादा जवळ सरकला, आवाज खाली आणून म्हणाला, "भावोजी, फळ्या आहेत तिथंच आहेत. ते यंत्र पट्ट्या सोडून मोजतंय."

मालकांनी थप्पीतल्या फटींकडे पाहिलं. वडिलांचं हसू त्यांना आत्ता कळलं.

"काय म्हणतायत ते?" कारखानदाराने विचारलं. "आम्हालाही कळू द्या की."

आता खरं सांगावं तर वखार चोर, आणि वखारीवर वडिलांचं नाव. खोटं सांगावं तर मेव्हणा चोर. मालकांनी फार वेळ लावला नाही.

"चूक झाली म्हणतायत," ते म्हणाले. "घरचंच माणूस, काय बोलणार?"

"असं मी कधी म्हणालो?" टेपदादाचा आवाज चढला.

मालकीणबाई ऑफिसच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला, भावाला टिंबरच्या आडोशाला नेलं.

"दादा, हो म्हणून टाक."

"मी काडी उचललेली नाही गं."

"मला माहीत नाही का? पण तू इथून बाहेर पडशील, दुसरीकडे राहशील. मी कुठं जाऊ? ही वखार बुडाली तर माझं घर बुडतं. लहानपणापासून माझ्या वाट्याची बोलणी तूच खाल्लीस ना? एवढी शेवटची खा."

टेपदादाने पायाजवळचा भुसा चपलेने सारखा केला. मग परत आला आणि कारखानदाराला म्हणाला, "हो. मीच."

कारखानदार मोठ्या मनाचा. "पोलिसांत नको जायला," म्हणाला, "पण उद्यापासून हे गृहस्थ इथं दिसायला नकोत."

संध्याकाळी टेपदादा निघाला तेव्हा फाटकावरच्या रखवालदाराने त्याची पिशवी उघडायला लावली.

"पिशवीत फळी मावते का रे?"

"मालकांचा हुकूम आहे, दादा. माझा काय इलाज?" रखवालदाराने दोन सदरे उलटेपालटे केले. तळाशी टेप निघाला. "हा वखारीचा ना?" तोही काढून घेतला.

यंत्रवाल्या बाईला मालकांनी पुन्हा बोलावलं. "हे फटी सोडून मोजतं. आमच्या धंद्यात थप्पी अख्खी मोजायची पद्धत आहे. बाहेरून, तळापासून टोकापर्यंत. तसं होईल का?"

"होईल की," बाई म्हणाली. एक बटण दाबलं. आता सगळ्या थप्पीभोवती एकच मोठी हिरवी चौकट आली, आणि आकडा टेपदादाच्या आकड्याशी तंतोतंत जुळला.

कारखानदाराने पुढचा माल घेताना पडदा डोळ्यांजवळ धरून पाहिला, बिलाशी ताडून पाहिला, आणि खूश होऊन मालकांच्या पाठीवर थाप मारली.

"आता कसं! एक माणूस काढला आणि बघा, माप पुरं भरलं."

ऑफिसच्या दारात मालकीणबाई कप गोळा करत होत्या. त्यांनी ऐकलं, आणि मान हलवून होकार दिला.