पिशव्या धरणाऱ्यांचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. पण पुढे काही सांगण्याआधी एक विचारतो, राग मानू नका. तुमच्यापैकी कोणाच्या खिशात पाना नाही ना? नाही? मग बसा निवांत. हातात पाना आणि तोंडावर हसू घेऊन येणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. का नाही, तेच सांगतो.

मी बागेत झाडाखाली असतो तसला बाक नव्हे. मी मेरी-गो-राउंडवरचा बाक. माझे पाय ओतीव लोखंडाचे, पाठ जाड लाकडाची, आणि पाठीवर दोन हंस कोरलेले. ज्या कारखान्यात घोडे घडले, तिथेच मीही घडलो. घोड्यांना आयाळ मिळाली, काचेचे डोळे मिळाले, वर-खाली उड्या मारायला चकचकीत दांडे मिळाले. मला मिळाले जाडजूड बोल्ट. ज्या सुताराने मला घडवले तो शेवटचा हात फिरवताना म्हणाला होता, "तू हलायचं नाहीस, बाबा. सगळे उड्या मारतील, तू टेकायला जागा द्यायची." तो शब्द मी देवाची आज्ञा मानून घेतला.

आमचे मेरी-गो-राउंड एका मोठ्या मनोरंजन बागेत आहे. तिथे आकाशपाळणा आहे, रोलर कोस्टर आहे, पाण्यात धाडकन कोसळणारी होडी आहे, भूतघर आहे. प्रत्येकाच्या दारात उंचीची पट्टी रंगवलेली असते. डोके त्या पट्टीला टेकले नाही तर बाहेर. पाठ दुखत असेल तर बाहेर. पोटात बाळ असेल तर बाहेर. असे सगळे बाहेरचे फिरत फिरत माझ्याकडे येत. तान्हे मूल मांडीवर घेतलेली आई येई. गुडघ्यांवर हात ठेवून उठणारे आजोबा येत. घोड्याचे दात बघूनच रडू फुटलेली चिमुरडी येई. जास्त आइस्क्रीम खाल्लेला एखादा धीट गडीही, कोणी ओळखीचे बघत नाही ना याची खात्री करून, हळूच टेकत असे. उतरताना एखादी आजी माझ्या हातावर थोपटून म्हणे, "बरं वाटलं हो." मित्रांनो, सांगतो तुम्हाला, त्या एका थापेवर माझे लाकूड पावसाळाभर तग धरी.

पण फोटो मात्र घोड्यांचे निघत. रंगही आधी घोड्यांना लागे. उरला तर मला.

मग एके दिवशी बागेचे मालक आमच्यापाशी येऊन उभे राहिले. सोबत फिटर होता आणि मेरी-गो-राउंडचे बटण सांभाळणारी आक्का होती. मालकांच्या कपाळावर आठ्या होत्या.

"आपल्याकडे उंच आहे, वेगवान आहे, भिजवणारं आहे, घाबरवणारं आहे," मालक म्हणाले. "तरी माणसं दुपारीच घरी पळतात. संध्याकाळी बाग ओस! असंच चाललं तर टाळं लावावं लागेल. काहीतरी कमी पडतंय."

"घोडे कमी पडतायत, साहेब," फिटर म्हणाला. "पोरं घोड्यांवरून भांडतात, आणि हा म्हातारा बघा, अख्खी जागा अडवून बसलाय. याच्या जागी दोन घोडे बसतील. मस्त फायबरचे, हलकेफुलके. मोटरलाही आराम."

आणि आक्का हसली. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

तिथून माझे सुख संपले. दुसऱ्या दिवशी फिटरने माझ्या बोल्टांना तेल घातले. ज्या बोल्टांची कोणी जन्मात विचारपूस केली नाही, त्यांना एकाएकी तेल? अवेळी आलेल्या मायेला भ्यावे, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्याच दुपारी आक्का सुतळी घेऊन आली. इकडून तिकडून माझी लांबी मोजली, सुतळीला गाठ मारली आणि ती पदराला बांधून निघून गेली. मित्रांनो, असे गुपचूप माप दोघांचेच घेतात. एक नवरदेवाचे आणि एक मढ्याचे. मी काही नवरदेव नव्हतो!

मला सगळ्यांचाच संशय येऊ लागला. आक्का रोज मला पुसायची, त्यात मला निरोप दिसू लागला. शेजारचा पिवळा घोडासुद्धा कटात सामील वाटला, कारण तो माझ्याकडे न बघता दुसरीकडे बघत होता. तो घडल्या दिवसापासून दुसरीकडेच बघतो, हे मला फार उशिरा आठवले. संशय गंजासारखा असतो. वरून एवढासा ठिपका आणि आत सगळे पोकळ.

पण फिटरबद्दलचा संशय खरा ठरला. बाग बंद असते त्या दिवशी त्याने मला सोडवले आणि सामानाच्या शेडमध्ये नेऊन टाकले. शेडला जाळीची खिडकी होती. तिच्यातून मेरी-गो-राउंड समोर दिसे. कोणी मुद्दाम मला बघायला लावले की काय, असाही संशय आला.

माझ्या जागी दोन नवे घोडे आले. मुलांनी टाळ्या पिटल्या. पण चक्र फिरू लागले आणि आवाज आला, खर्रर्र! पुन्हा फिरले, पुन्हा खर्रर्र! माझ्या बरोबर समोर एक जाडजूड लोखंडी हत्ती आहे. इतकी वर्षे तो एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला, असा आमचा तोल होता. मी गेलो आणि सगळे चक्र हत्तीकडे कलले. फिटरने डोके खाजवले. एक नवा घोडा उतरवला आणि तिथे वाळूची पोती रचली. मग आवाज थांबला. आक्काने पोत्यांवर फुलाफुलांची चादर अंथरली. पोत्यांना चादर! मला जन्मात कधी पांघरूण मिळाले नव्हते. मी जाळीतून बघत राहिलो आणि मनात म्हणालो, बघून घे बाबा, ही तुझी माणसे.

पुढच्या सुट्टीला मालकांच्या घरचे लोक बागेत आले. सगळे रोलर कोस्टरकडे धावले. मागे राहिल्या मालकांची आई आणि त्यांचे बोट धरलेली पट्टीला न पुरणारी नात. आजींच्या दोन्ही खांद्यांवर पिशव्या, हातात कोणाच्या तरी चपला, गळ्यात कोणाचा तरी ओला टॉवेल. कठड्याला टेकून त्या उभ्या होत्या. कधी या पायावर, कधी त्या पायावर.

"आजी, उन्हात काय उभ्या? वर या," आक्का म्हणाली.

"अगं, घोड्यावर बसायचं माझं वय आहे का?"

"घोड्यावर नको. या पोत्यांवर टेका. तुमच्यासारख्यांसाठीच मी चादर टाकलीय."

आजी बसल्या. नात मांडीवर आली. चक्र फिरू लागले तसा आजींना सूर सापडला. टाळ्या वाजवत त्या आपल्याशीच म्हणू लागल्या, "फिरवी त्याने फिरवावे, आम्ही बसून राहावे." नातही टाळ्या वाजवू लागली. शेडमध्ये माझे हंस गहिवरले.

तेवढ्यात मालक आले. रोलर कोस्टरमुळे केस उभे राहिलेले.

"आई! तू पोत्यांवर?"

"मग कुठे बसू, लेका? आभाळात जायची सोय केलीस, आईला टेकायची सोय नाही केलीस!"

आजूबाजूचे लोक हसले. मालक कानापर्यंत लाल झाले.

"इथे एक बाक होता," आजी म्हणाल्या. "तुझ्या बाबांनी हौसेनं बसवून घेतला होता. घोडा बघून भोकाड पसरायचास तू. मग तुला मांडीवर घेऊन त्या बाकावर बसायचे मी. तो कुठंय?"

मालक फिटरकडे बघू लागले. फिटर हत्तीकडे बघू लागला.

"माणसं दुपारीच घरी का जातात, म्हणून रोज जेवताना डोकं धरून बसतोस ना?" आजी म्हणाल्या. "अरे, प्रत्येक घरात एक जण पिशव्या धरून उभा असतो. त्याचे पाय भरून आले की तो म्हणतो, 'चला आता.' की निघालं सगळं घर! गाण्यात नुसत्या तानाच घेतल्यास तर ऐकणाऱ्यानं परत यायचं कुठं? ध्रुवपद लागतं रे. त्याच्याशिवाय गाणं पुरं होत नाही, आणि तुझी बागही."

मालकांनी आईच्या खांद्यावरच्या पिशव्या काढून आपल्या खांद्यावर घेतल्या आणि शेडकडे चालू लागले.

दुसऱ्याच दिवशी मी माझ्या जागी परत आलो. फिटर बोल्ट आवळताना म्हणाला, "बुवा, भलतेच वजनदार निघालात!" मग आक्का आली. तिच्या काखेत एक गादी होती, जाड, निळी, हाताने शिवलेली. तिने ती माझ्यावर अंथरली. कडेला कड अशी जुळली, की जणू माझ्यासोबतच कारखान्यातून आली असावी. तेव्हा मला ती गाठ मारलेली सुतळी आठवली.

"तुम्ही हसलात तेव्हा वाटलं, तुम्हालाही नको होता हा," फिटर तिला म्हणाला.

"मी तुला हसले," आक्का म्हणाली. "हा बाक कोणाच्या बापाच्यानंही हलणार नाही, असं वाटलं होतं. तू हलवलास, मेल्या!"

त्यानंतर मालकांनी प्रत्येक मोठ्या खेळाशेजारी सावली आणि एकेक बाक केला. पट्टीला न पुरणाऱ्यांसाठी एक संथ आगगाडी आणली, तिच्यात आजी आणि नात शेजारी बसतात. आता दिवे लागले तरी बागेत माणसे असतात. टाळे लावायचे नाव निघत नाही.

मित्रांनो, माझा संशयी स्वभाव काही गेला नाही. तेलाची बुधली दिसली की अजून धस्स होते. पण तुमच्याकडे एक मागणे आहे. पुढच्या वेळी बागेत गेलात की उंचउंच पाळण्यांकडे धावण्याआधी मागे वळून बघा. तुमच्या चपला कोणाच्या हातात आहेत? ती आजी असेल, आई असेल, एखादा मामा असेल. त्याचा हात धरा आणि त्याला माझ्याकडे घेऊन या. पिशव्या माझ्या पायाशी ठेवा आणि बिनघोर फिरा. संशयी बाकाच्या राखणीतली पिशवी आजवर चोरीला गेलेली नाही.